लाकडी फरशी आणि मुठा खोऱ्यातील ओल

मुळशी तालुक्यातील मुठा गावी आमच्या घरात एका खोलीला लाकडी फरशी बसवली, हे कळल्यापासून नातेवाइकांचे आणि या सदराच्या वाचक भगिनींचे प्रश्न थांबत नाहीत. एवढ्या पावसात लाकूड टिकेल का? वाळवी लागणार नाही का? घरात लहान मुले आहेत, पाकी-नापाकीचे काय? आणि सगळ्यात शेवटी, आवाज थोडा खाली करून, खर्च किती आला? या वेळचे सदर आम्ही याच प्रश्नांसाठी ठेवले आहे.

आधी गरज सांगतो. गरज नसताना केवळ शेजाऱ्यांनी केले म्हणून घरावर पैसा लावणे म्हणजे इसराफ, असे आमचे मत आहे. अम्मींचे दोन्ही गुडघे धरतात. जिना चढणे होत नाही, म्हणून त्यांची खोली तळमजल्यावर, वुजूच्या जागेला लागून. तिथे पूर्वापार शहाबादी फरशी. कर्नाटकातल्या शहाबादहून आलेला हा दगड उन्हाळ्यात फार सुखाचा. पण आषाढ-श्रावणात त्याला घाम सुटतो. फजरच्या वेळी पाय टेकवत नाहीत. दोन सतरंज्या आणि वर जाड जानमाज अंथरली तर आठ दिवसांत सतरंज्या ओल धरतात, उचलून पाहावे तर खालून बुरशीचे काळे ठिपके. डॉक्टरांनी खुर्चीवर नमाज पढायला सांगितले, ते अम्मी ऐकतात. पण खुर्चीवरून उठल्यावर त्या म्हणत, "कपाळ जमिनीला लागलं नाही तर माझं मन भरत नाही." गुडघा थोडा बरा असेल त्या दिवशी त्या खाली बसतच, आणि मग दोन दिवस कण्हत.

दगड किंवा टाईल लाकडापेक्षा थंड असते असे आपण म्हणतो. खरे पाहता एकाच खोलीत दोन्हींचे तापमान जवळजवळ सारखेच असते. दगड आपल्या पायातली ऊब लाकडापेक्षा कितीतरी पट वेगाने ओढून घेतो, म्हणून तो गार लागतो. लाकूड ऊब ओढत नाही. अम्मींच्या खोलीसाठी लाकडाचा विचार आला तो एवढ्यासाठी, देखणेपणा नंतर.

लाकडाची जमीन आपल्याकडे नवी नाही. जुन्या घरांच्या माडीला तुळयांवर फळ्या ठोकून तक्तपोशी करत, वर मातीचा थर देऊन सारवत. पुण्याच्या शनिवारवाड्याचे वरचे मजले लाकडीच होते. १८२८ च्या आगीत ते गेले आणि दगडी जोती राहिली. पण तक्तपोशी नेहमी वरच्या मजल्यावर. तळमजल्याला लाकूड लावण्याच्या भानगडीत आपले वाडवडील पडले नाहीत, कारण खालून ओल येते हे त्यांना ठाऊक होते. आमची अडचण नेमकी हीच होती. ज्यांना उबदार जमीन हवी त्या अम्मी तळमजल्यावर, आणि लाकडाला हवी असलेली कोरडी जागा माडीवर.

आता ही फरशी म्हणजे काय ते पाहू. बाजारात लाकडासारख्या दिसणाऱ्या तीन वस्तू एकाच दुकानात शेजारी मांडलेल्या असतात आणि विक्रेता तिन्हींना 'वूडन फ्लोअरिंग' म्हणतो. पहिली लॅमिनेट: लाकडाच्या भुश्याची दाबलेली पाटी, वर लाकडाचे छापलेले चित्र आणि त्यावर कडक पारदर्शक थर. दुसरी एस.पी.सी. किंवा व्हिनाइल: दगडाची भुकटी आणि प्लॅस्टिक, वर पुन्हा चित्रच. तिसरी इंजिनिअर्ड वूड. तिचा वरचा थर खऱ्या लाकडाचा असतो आणि खाली प्लायवूडचा गाभा. ओळखायची असेल तर फळीची कड पाहावी. वरच्या पृष्ठभागावरची रेष कडेवरून खाली उतरताना दिसली तर ते लाकूड. रेष कडेशी संपली आणि खाली एकसारखा तपकिरी रंग दिसला तर ते चित्र. दोन फळ्या शेजारी ठेवाव्यात. दोन्हींवर गाठ तशीच आणि तिथेच असेल तर छपाई आहे.

मग सरळ सागाच्या भरीव फळ्या का घेऊ नयेत? बल्लारशा-आलापल्लीकडचा सीपी साग आपल्या महाराष्ट्राचाच, नावाजलेला. आम्हीही आधी तिकडेच वळलो होतो. पण लाकूड हवेतले पाणी घेते आणि सोडते, लॅकर लावला तरी सावकाश का होईना घेतेच. हवेतील आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडात त्याच्या वजनाच्या साधारण ६ टक्के पाणी राहते. आर्द्रता ८० टक्क्यांवर जाऊन तिथेच राहिली की ते १६ टक्क्यांच्या आसपास पोचते. पाणी वाढले की फळी रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. पाच इंच रुंद सागाची फळी या फरकाने दोन मिलिमीटरच्या आसपास फुगू शकते. ऐकायला काहीच नाही. पण दहा फुटी खोलीत अशा चोवीस फळ्या शेजारी-शेजारी बसतात, म्हणजे हिशेब जवळजवळ दोन इंचांवर गेला. प्रत्यक्षात निम्मे झाले तरी फरशी मधोमध उचलली जाईल.

आणि आमच्याकडे हा फरक दरवर्षी पडतो. पौड रस्त्याने पिरंगुट, तिथून लवासाच्या रस्त्याला लागून मुठा घाट उतरला की आमचे गाव. पुढे टेमघर धरण. पुणे शहरात वर्षाकाठी ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस होतो. सह्याद्रीच्या कड्याकडे जावे तसा तो अनेक पटींनी वाढतो, आणि आमच्याच तालुक्यातल्या ताम्हिणीचा पाऊस तर सर्वांना माहीतच आहे. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, मीठ पाझरते, दारे चौकटीत अडकतात. एप्रिल-मे मध्ये तीच दारे खुळखुळतात. दारांचे हे वागणे पाहिलेल्या माणसाला भरीव फळ्यांबद्दल वेगळे सांगावे लागत नाही.

प्लायवूडच्या गाभ्याचा उपयोग इथे होतो. त्यात पातळ थर एकावर एक आडवे-उभे चिकटवलेले असतात. एका थराला ज्या दिशेने फुगायचे असते त्या दिशेने शेजारचा थर हलत नाही, आणि तो त्याला धरून ठेवतो. फुगणे पूर्ण थांबत नाही, पण पुष्कळ कमी होते. मुठ्यासारख्या गावी लाकूडच घालायचे तर हे घालावे, भरीव नको, एवढे आमचे ठरले.

पण हवेतली ओल निम्मीच गोष्ट. जमिनीतून येणाऱ्या ओलीपुढे प्लायवूडही टिकत नाही. म्हणून फळी पसंत करण्याआधी आम्ही फरशी तपासली. तपासणी फुकटची आहे आणि कोणीही करू शकते: दोन फूट लांब, दोन फूट रुंद प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद फरशीवर पसरायचा, चारही कडा टेपने हवाबंद चिकटवायच्या आणि दोन-तीन दिवस हात लावायचा नाही. कागदाच्या खालच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले किंवा फरशी गडद झाली तर खालून ओल येते आहे. ही तपासणी मे महिन्यात करून कंत्राटदार "एकदम कोरडी आहे" म्हणतात. मे मध्ये कुठली जमीन कोरडी नसते? ऑगस्टमध्ये करा. आम्ही ऑगस्टमध्ये केली. दुसऱ्या दिवशी सकाळी कागदाखाली दव पडल्यासारखे पाणी होते. अम्मींनी काठीने कागद दाखवत विचारले, "यावर लाकूड घालणार तुम्ही?"

इथे तीन वाटा होत्या. एक, लाकडाचा नाद सोडायचा. दोन, अम्मींना माडीवर न्यायचे, पण मग दिवसातून पाच वेळा वुजूसाठी जिना. तीन, फरशी उखडून खालपासून काम करायचे. तिसऱ्या वाटेला वर्ष लागणार होते आणि तोपर्यंत अम्मींचे काय, हा प्रश्न होताच. त्याचे उत्तर अम्मींनीच दिले. त्यांच्या माहेरी नमाजासाठी लाकडी तख्त असे. तसे एक बुटके तख्त, सहा फूट बाय तीन फूट, जमिनीपासून जेमतेम आठ इंच उंच, आम्ही गावातल्या सुतार मिस्त्रींकडून करून घेतले आणि पुढच्या खोलीत ठेवले. खालून हवा खेळते म्हणून ते ओल धरत नाही, आणि कडेला हात टेकून उठता-बसता येते. ज्यांना फरशी उखडणे जमणार नाही, भाड्याचे घर आहे, किंवा पैसा नाही, त्यांना आम्ही खरोखरच सांगू की असे एक तख्त करून घ्या. निम्मी गरज त्यातच भागते.

जानेवारीत खोली उखडली. गवंडी येण्याआधी एक काम बाहेर केले, आणि सगळ्या कामात स्वस्त व गुणाचे तेच ठरले. छपराच्या पागोळ्या थेट जोत्याच्या पायाशी पडत होत्या. पन्हळ लावून ते पाणी लांब सोडले आणि मागच्या भिंतीलगत उताराची नाली काढून ती ओढ्याकडे नेली. बाहेरचे पाणी भिंतीशी साठत असेल तर आत काहीही करा, उपयोग नाही.

आत मातीवर वाळवीचे औषध मारून घेतले. वाळवी जमिनीतून येते आणि भिंत व फरशीच्या सांध्यातून वर चढते, म्हणून फरशी उघडी असतानाच हे काम उत्तम होते. ज्यांना फरशी उखडायची नाही त्यांच्याकडे भिंतीलगत दर फूटभर अंतरावर बारीक भोके पाडून औषध सोडतात. हे विषारी औषध आहे. फवारणी करणाऱ्याकडून औषधाचे नाव लिहून घ्यावे आणि जवळ विहीर असेल तर आधी सांगावे. नंतर मुरूम ठोकून दगडांचे सोलिंग, वर वाळूचा थर, कारण दगडाच्या टोकाने प्लॅस्टिक फाटते. वाळूवर जाड प्लॅस्टिकचा कागद दुहेरी, २५० मायक्रॉनचा, कडा भिंतीवर वर वळवलेल्या. त्यावर चार इंच काँक्रीट आणि शेवटी कोबा.

मग थांबायचे. काँक्रीट घट्ट व्हायला महिना पुरतो, पण वाळायला पुष्कळ जास्त वेळ लागतो. एक इंच जाडीला चांगल्या हवेतही साधारण महिना धरतात आणि जाडी वाढली की वेळ त्याहून वेगाने वाढतो. आमच्याकडे तर मध्ये चार महिने पाऊस. दुकानदाराचा फोन सारखा येत होता, सवलत या महिन्यापुरतीच आहे म्हणून. आम्ही ऑगस्ट येऊ दिला. पुन्हा तोच कागद, तीच टेप, या वेळी चार दिवस. कागद कोरडा निघाला, अल्हम्दुलिल्लाह. त्यानंतरच फळ्यांची ऑर्डर दिली.

निवडताना पुण्याच्या दुकानांतून तीन नमुने मागून आणले होते. एकाचा गाभा प्लायवूडचा, एकाचा एच.डी.एफ.चा म्हणजे दाबलेल्या तंतूंचा, एकाचा आडव्या पट्ट्यांचा. प्रत्येकाचा तीन इंची तुकडा कापून बादलीत बुडवून ठेवला. दुसऱ्या दिवशी एच.डी.एफ.ची कड पावासारखी फुगली होती. प्लायवूडचा तुकडा किंचित सुजला, पण थर सुटले नाहीत. वाळल्यावर बराचसा पूर्ववत झाला. दुकानातल्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा बादलीने जास्त सांगितले. नमुना द्यायला दुकानदार तयार नसेल तर दुसरे दुकान पाहावे.

दुसरी गोष्ट वरच्या थराची जाडी. तो अर्ध्या मिलिमीटरपासून सहा मिलिमीटरपर्यंत असतो, आणि वरून पाहताना सगळे सारखेच दिसतात. पुढे ओरखडे पडले की लाकूड घासून पुन्हा लॅकर करता येते, हाच खऱ्या लाकडाचा मोठा फायदा. पण एका घासणीत अर्धा ते एक मिलिमीटर जातो. अर्ध्या मिलिमीटरचा थर म्हणजे एकही घासणी नाही. तो घ्यायचा तर मग लॅमिनेटच का नको? आम्ही तीन मिलिमीटरचा घेतला, एकूण जाडी चौदा. लाकूड ओक की साग, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग. ओकबद्दल एक लक्षात ठेवावे: त्यात टॅनिन भरपूर असते, त्यामुळे ओल्या लोखंडाचा स्पर्श झाला की काळा डाग पडतो आणि तो निघत नाही. लोखंडी पायांचे स्टूल, पिंप, कपड्यांचे स्टँड असलेल्या घरात हे सांगणे भाग आहे. आम्ही सागाचा थर घेतला, रंग थोडा गडद, पण आपल्या डोळ्यांना ओळखीचा.

वरचे आवरण तेलाचे की लॅकरचे, यावर दुकानदार तेलाची फार स्तुती करतात. तेल दिसायला सुंदर, पण ते दर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा लावावे लागते आणि पाणी लवकर धरते. वुजूच्या ओल्या पायांनी माणसे ये-जा करतात त्या घरात लॅकरच बरा. डिंकात फॉर्मल्डिहाइड किती आहे तेही विचारावे. ई-वन किंवा त्याहून कमी असे पेटीवर लिहिलेले असते. बंद खोलीत रात्रभर झोपणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी हे महत्त्वाचे.

बसवायचे काम डिसेंबरात. भर पावसाळ्यात बसवली तर फुगलेल्या फळ्या उन्हाळ्यात आकसून फटी पडतात, मे मध्ये बसवली तर पावसाळ्यात जागा पुरत नाही. मधली हवा चांगली. पेट्या तीन दिवस त्याच खोलीत आडव्या ठेवल्या, म्हणजे लाकूड खोलीच्या हवेला सरावते. तोवर मिस्त्रींनी पाणसळ आणि लांब पट्टी घेऊन कोबा तपासला. दोन मीटरच्या पट्टीखाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त उंच-सखल नको. दोन ठिकाणी खळगा होता, तो भरून घेतला. खळगा तसाच ठेवला तर तिथे पाऊल पडले की फळी दबते, कुरकुरते आणि पुढे सांधा मोडतो.

फळ्या चिकटवायच्या की तरंगत्या ठेवायच्या, यावर मिस्त्री आणि आमच्या धाकट्या भावाचे जुंपले. भावाचे म्हणणे, चिकटवलेली फरशी पायाला भक्कम लागते. ते खरेच आहे. पण तरंगती फरशी फळ्या एकमेकींत अडकवून नुसती अंथरलेली असते, जमिनीला कुठेच धरलेली नसते. उद्या ओल आलीच तर ती उचलून पाहता येते, वाळवून परत घालता येते. तळमजल्याला आमचे मत मिस्त्रींकडे पडले.

कोब्यावर पुन्हा प्लॅस्टिकचा कागद, जोडावर वीत-वीतभर एकावर एक घेऊन टेप मारलेला. त्यावर तीन मिलिमीटरचा फोम. मग फळ्यांची पहिली ओळ, आणि भिंतीपासून बारा मिलिमीटर जागा सोडून मध्ये पाचरी. ही जागा चारही बाजूंनी हवी. दाराच्या चौकटीशी, पाइपाभोवतीसुद्धा. लाकडाला फुगायला तीच वाट आहे. घाईत काम करणारे कारागीर एका कोपऱ्यात फळी भिंतीला टेकवतात आणि वर स्कर्टिंग मारून झाकतात; पहिल्याच पावसाळ्यात फरशी तंबूसारखी उभी राहते. स्कर्टिंग लावण्याआधी घरच्या माणसाने स्वतः खाली वाकून चारही भिंतींची फट पाहावी. स्कर्टिंगचे खिळे भिंतीत मारायचे, फरशीत नाही. चौकट करवतीने खालून कापून फळी तिच्याखाली सरकवली, आणि उंबऱ्याशी धातूची पट्टी बसवली. कपाट आधी फरशीवर ठेवायचे होते. पण भिंतीत पक्के केलेले जड कपाट तरंगत्या फरशीवर बसवले तर ती तिथे खिळून राहते. म्हणून कपाटाची जागा सोडून फळ्या घातल्या. खोली १२० चौरस फूट, काटछाटीसाठी दहा टक्के जास्त धरून १३२ चौरस फूट माल आणला. दोन दिवसांत काम झाले. पहिल्या दिवशी मिस्त्रींनी तीन पेट्या एकदम उघडून फळ्या मिसळून लावल्या, म्हणजे रंगाचे ठिगळ दिसत नाही.

आता पाण्याचे. या फरशीवर बादली ओतून खराटा मारता येत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला आधी सांगावे लागते. आमच्या भाभींना सर्वांत जड गेले ते हेच. ईदच्या आदल्या दिवशी सगळे घर धुवायची सवय, आणि ही खोली मात्र कोरड्या मऊ झाडूने झाडायची, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायची, फिनाईल नाही, वाफेचे यंत्र नाही. वुजूच्या जागेतून खोलीत येताना उंबऱ्याबाहेर जाड पायपुसणे टाकले आहे आणि तिथेच खुंटीला टॉवेल. दाराबाहेर दुसरे पायपुसणे मुठ्याच्या मातीसाठी. बारीक खडे लॅकरला पाण्यापेक्षाही जास्त ओरखडतात. खाटेच्या पायांना नमद्याचे तुकडे लावले. रमजानात दस्तरखान या खोलीत अंथरायचे नाही, असेही ठरले. सरबताचा पेला सांडला तर लगेच पुसला की काही होत नाही, पण पंधरा माणसांच्या घाईत ते कोण पाहणार?

पाकीचा प्रश्न मुलांमुळे येतो. भाचीने पहिल्याच महिन्यात हजेरी लावली. आधी कोरड्या कापडाने सगळे टिपून घेतले, मग लोटाभर पाणी थोडे-थोडे टाकून स्वच्छ फडक्याने लगेच टिपले, असे तीनदा, आणि शेवटी पंखा लावला. लॅकर चांगला असेल आणि सांधे घट्ट असतील तर एवढ्या पाण्याने फळीला काही होत नाही. पाणी सांध्यात तासन्‌तास साठून राहिले तर होते. गुळगुळीत, पाणी न शोषणाऱ्या वस्तूंबाबत हनफी उलेमा पुसून साफ करणे पुरेसे मानतात. शाफई मसलकात पाणी वापरावे लागते, आणि कोकणातले आपले बहुतेक बांधव शाफई आहेत. लॅकर केलेले लाकूड कशात मोडते, हे आपापल्या आलिमांना विचारून घ्यावे. पाणी वापरूनही फरशी राखता येते, एवढे आम्ही सांगू शकतो.

गेल्या पावसाळ्यात आम्ही एका कोपऱ्यातले स्कर्टिंग काढून भिंतीची फट मोजली. डिसेंबरात बारा मिलिमीटर सोडलेली जागा ऑगस्टअखेर नऊ भरली. फरशी सपाट होती. फेब्रुवारीत दोन ठिकाणी सांध्यांत नखाएवढी बारीक रेघ दिसू लागली आहे. ती पुढच्या पावसात मिटेल असे मिस्त्री म्हणतात. अम्मी फजरला आता खालीच बसतात. गुडघे काही बरे झालेले नाहीत, सजद्यातून उठताना त्या तख्ताच्या कडेला हात टेकतात. म्हणून तख्त पुढच्या खोलीतून त्यांच्याच खोलीत आणले, पायांना नमदा लावून.

राहिला खर्च. भाव दुकानागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, म्हणून आकडा देत नाही. आम्ही चौकशी केली तेव्हा ही फरशी साध्या लॅमिनेटच्या दुपटी-तिपटीच्या पुढे होती. एकूण खर्चात फळ्यांचा वाटा निम्म्याहून कमी निघाला. जास्त पैसा गेला तो उखडणे, सोलिंग, काँक्रीट, औषध आणि नाली यांत, म्हणजे जे कुणाला दिसत नाही त्यात. तुमचे घर वरच्या मजल्यावर असेल, खालची फरशी कोरडी आणि सपाट असेल, तर हा सगळा भाग वाचतो. बाकीच्या खोल्यांत आणि स्वयंपाकघरात आम्ही शहाबादीच ठेवली आहे. उरलेल्या सात फळ्या कागदात गुंडाळून माडीवर ठेवल्या आहेत, पाच वर्षांनी तो रंग बाजारात मिळेलच असे नाही.